एकवीस दिवस आधी पडलेली पोर

पडद्यावर मुरारी कुंभार रडत होता. गुडघ्यावर बसलेला, कॅमेऱ्याकडं पाठ, खांदे गदागदा हलतायत. आणि पडद्यासमोरच्या खुर्चीत बसून, हातातला वडा तसाच अर्धवट धरून, तोच मुरारी कुंभार ते बघत होता. रडणं एकवीस दिवसांनी व्हायचं होतं. बघणं आत्ताच चालू होतं.

घोटाळा वाटतोय ना? मुरारीलाही वाटला. म्हणून जरा मागून येऊ.

मुरारी म्हणजे सिनेमातला डमीवाला. पडद्यावर कुणी कड्यावरून कोसळतो, कुणी चालत्या रेल्वेखाली जातो, तो खरं तर भुशाचा आणि रबराचा असतो, आणि त्याला बनवणारा कोल्हापुरात मुरारी असतो. म्हणजे असायचा. साल दोन हजार त्रेचाळीस उजाडेपर्यंत पडायची-मरायची सगळी कामं कम्प्युटरनं घेतली होती. चोपन्न वर्षांच्या मुरारीला उरल्या फक्त खोड्या. प्रॉडक्शन मॅनेजरच्या गाडीत मागच्या सीटवर डमी बसवायची. सेटवरच्या संडासात डमी बसवून खिडकीतनं बाहेर यायचं आणि लागलेली रांग बघत चहा प्यायचा. एकदा चुलत मेहुण्याच्या लग्नात त्यानं पंगतीला डमी बसवली होती. वाढप्यानं तिला दोनदा जिलेबी वाढली, वर "लाजू नका पाव्हणं" म्हणाला.

"पंगतीत खरी वाटती, आणि पडद्यावर पडली की पब्लिक हसतंय," मुरारी सांगायचा. सांगताना खदखदून हसायचा. पण ते कुठंतरी टोचायचं त्याला. तीस वर्षांत त्याची एकही डमी माणसासारखी पडली नव्हती. थेटरात हमखास शिट्टी यायची, "ए, बाहुली पडली!"

तर अशा या मुरारीला ऋत्विज इनामदार नावाच्या डायरेक्टरनं बोलावून घेतलं. ऋत्विज बत्तीस वर्षांचा, आणि त्याला वेड एकच : सगळं खरं पाहिजे. कोल्हापूरपासून तासाभरावर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. तिच्या कडेवर त्यानं किल्ल्याचा तट उभा केला, खाली साठ फूट खोल खडक. तटावर पहारेकऱ्याची एक चौकी, दोन्ही बाजूंनी दार असलेली. ऐतिहासिक पिक्चर. हिरॉइनच्या जागी उड्या मारायला मुरारीचीच पोरगी, भैरवी. वय चोवीस. लहानपणापासून मर्दानी खेळात वाढलेली, दांडपट्टा फिरवायला लागली की कुत्रीसुद्धा लांबनं जायची.

आणि ऋत्विजनं आणखी एक वस्तू आणली होती. तिला युनिटनं नाव ठेवलं होतं 'म्होरला'.

म्होरला म्हणजे कॅमेरा. दुधाच्या कॅनएवढा, सिमेंटच्या ओट्यावर बोल्ट मारून बसवलेला, तोंड कायम तटाकडं. त्याच्याबरोबर पुण्याहून डॉक्टर नसीमा मुजावर आल्या होत्या. मूळच्या मिरजेच्या. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना समजावलं होतं.

"शाळेत वर्गमूळ काढलंय ना? नऊचं वर्गमूळ तीन. पण उणे तीनही चालतं. सर काय म्हणायचे?"

"उणे सोडून द्या," लाइटवाले एका सुरात म्हणाले.

"तेच. उजेडाच्या गणितालाही दोन उत्तरं येतात. एका उत्तरात लाट दिव्यापासून निघते आणि पुढच्या काळात जाते. दुसऱ्यात, उजेड जिथं पडतो तिथून एक लाट मागच्या काळात येते. पावणेदोनशे वर्षं आम्ही ते दुसरं उत्तर सोडून देत होतो. या डब्यात एक स्फटिक आहे, भयंकर थंड ठेवलेला. एकवीस दिवसांनी या स्फटिकावर जो उजेड पडणार, त्याचा बारीक पडसाद आज याच स्फटिकात उमटतो. तो आम्ही वाचतो. आवाज नाही, फक्त चित्र. रोज अकरा वाजता, वीस मिनिटं."

"म्हणजे भविष्य," कुणीतरी म्हणालं.

"भविष्य नाही, उजेड," मॅडम म्हणाल्या. "भविष्य चुकू शकतं. हे म्हणजे निघालेला फोटो आहे. आपण त्या जागी अजून पोचलो नाही, एवढंच."

ऋत्विजनं त्याचा भलताच उपयोग काढला. आज अकरा वाजता एकवीस दिवसांनंतरचं शूटिंग बघायचा, कागदावर उतरवून घ्यायचा, आणि तो दिवस आला की तसंच्या तसं करायचा. एकदा मुरारीनं त्याला विचारलं, "साहेब, परवाचा घोड्याचा शॉट लई भारी. सुचला कसा?"

"सुचला नाही हो. म्होरल्यात बघितला."

"आणि म्होरल्यात तुमी तो का घेतलासा?"

"कारण मी आधी बघितला होता."

"मग सुचला कुणाला?"

ऋत्विजनं तोंडाशी नेलेला चहाचा कप परत खाली ठेवला. म्हणाला, "मामा, तुम्ही जावा बघू तिकडं."

बदल करायचा प्रयत्न झालाच नव्हता असं नाही. सरदाराचं काम करणारे अण्णा शेडबाळे म्होरल्यात भर दरबारात कान खाजवताना दिसले होते. अण्णा चिडले. म्हणाले, मी चाळीस वर्षांचा नट, मी कान खाजवणार नाही. तो दिवस आला. सगळं युनिट अण्णांच्या कानाकडं बघत उभं. अण्णा दोन्ही हात मागं बांधून डायलॉग म्हणतायत. आणि कुठनं तरी एक गांधीलमाशी आली, कानाच्या पाळीला डसली. पुढं काय झालं ते सांगायला नको.

तर असा हा म्होरला. आणि त्या दिवशी अकरा वाजता, तंबूत ऋत्विज, नसीमा मॅडम, मुरारी आणि भैरवी बसलेली असताना, त्यात शेवटच्या दोन मिनिटांत दिसलं ते असं :

हिरवं लुगडं नेसलेली भैरवी तटावरून धावत येते. चेहरा स्वच्छ दिसतो, तीच, कपाळावरच्या खुणेसकट. चौकीच्या एका दारातनं आत शिरते. एक क्षण काही नाही. दुसऱ्या दारातनं हिरवं लुगडं बाहेर येतं, पाय घसरतो, ती कडेवरनं खाली जाते. जाता जाता उजवा हात तटाचा दगड पकडतो, बोटं आवळतात, सुटतात. आणि मग साठ फूट. खालच्या खडकावर ती पडते आणि हलत नाही. डावीकडनं मुरारी पळत फ्रेममध्ये येतो, धडपडत, तिच्यावर वाकतो, गुडघ्यावर बसतो. खांदे हलायला लागतात. वीस मिनिटं संपतात. पडदा काळा.

ऋत्विजच्या हातातला कागद कोराच राहिला.

भैरवीच पहिल्यांदा बोलली. कोल्हापूरची पोरगी, ती 'मेले' म्हणत नाही. "म्हणजे मी मेलो व्हय?"

"गप," मुरारी म्हणाला. वडा कधी खाली पडला ते त्याला कळलं नाही.

"तो सीनच काढला," ऋत्विज उठून उभा राहिला. चेहरा पांढराफटक. "वायरवर लटकायचं होतं, पंधरा फुटावर जाळीत. पण नाही. काढला. संपलं."

"काढा," नसीमा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण दिसलंय ते होणार. आमच्या प्रयोगशाळेत टेबलावर एक लाल मग दिसला होता. तो ठेवायचा नाही म्हणून आम्ही खोलीला कुलूप लावलं. कुलूप बघायला आलेला माणूस चहाचा मग घेऊन आत शिरला. सीन काढलात तर ते तयारी नसताना होईल, इतकंच."

"मी बेळगावला मावशीकडं जाऊन बसतो की," भैरवी म्हणाली.

"जा," मॅडम म्हणाल्या. "पण त्या दिवशी तुझा चेहरा इथं असणार."

मुरारीनं दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं, तर टेम्पोतला मोठा हातोडा घेतला आणि म्होरल्यासमोर जाऊन उभा राहिला. नसीमा मॅडम ओट्यावर बसून डबा खात होत्या. पोहे. त्यांनी त्याला अडवलं नाही.

"फोडा मामा. त्या दिवशी त्याच्यावर उजेड पडलाय, म्हणजे तो तेव्हा धडधाकट असणार. पण फोडून बघा, मन शांत होईल."

मुरारीनं हातोडा डोक्यावर नेला, दात आवळले आणि हाणला. दांड्यातनं हातोड्याचं डोकं निसटलं, ओट्यावर आपटून उसळलं आणि मुरारीच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर येऊन बसलं. तो बोंबलला ती बोंब खाणीत तीनदा घुमली.

अंगठा काळानिळा झाला. लंगडत तो तंबूत गेला आणि कालचं चित्र परत लावलं. पडद्यावरचा मुरारी डावा पाय ओढत धावत होता. काल त्याला वाटलं होतं, घाबरून धडपडतोय. आज कळलं, अंगठा.

म्हणजे खरंच सगळं पक्कं आहे की काय? मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. मुरारी वळून म्हणाला, "मॅडम, पिक्चरमधी काळात मागं-पुढं जाणारी दोन जातीची माणसं असत्यात. एक जात जाती, काय ते बदलती, आणि घरी येऊन जेवती. दुसरी जात टाळायला जाईल तेवढं घडवून ठेवती. आमी दुसऱ्या जातीत आलो म्हणा."

"दुसऱ्याच. पहिल्या जातीचं गणित बसत नाही."

"मग तिसरी जात काढायला पायजे."

"कसली?"

"चौकटीतली." मुरारीनं पडद्याच्या कडेवर बोट ठेवलं. "एवढ्या चौकटीत जे दिसलं, ते व्हनार. बरोबर? चौकटीच्या भाईर काय झालं, ते कुणी बघितलंय? सिनेमाचा धंदाच त्याच्यावर चाललाय. हिरॉइन राजवाड्यात उभी असती आणि चौकटीच्या भाईर म्हैस बांधलेली असती."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फोटो फक्त उजेडाचा आहे. ती पडली असं फोटो म्हणत नाही. तसा उजेड आला, एवढंच तो म्हणतो."

चौकीतला तो एक क्षण! आत भैरवी थांबली आणि बाहेर डमी पडली तर? हे मुरारीला सुचायला किती वेळ लागणार? त्याचं आयुष्यच त्यात गेलेलं. तो लगेच पुढं सरसावला, चित्र हळूहळू चालवून बघायला लागला. एकदा, दोनदा, चाळीसदा. आणि दर वेळी त्या हातापाशी येऊन थांबला. उजवा हात. दगड पकडणारा. बोटं एकामागून एक आवळली जातायत.

डमी पकडत नाही. डमी फक्त पडते. पडताना सगळी एकदम पडते, पोत्यासारखी. ही पडणारी मात्र जगायला बघत होती. तीस वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाला ते शेंबड्या पोरालाही कळावं इतकं सरळ दिसत होतं : ही डमी नाही.

तो दुपारीच घरी गेला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. त्याची बायको उज्ज्वला त्याच्या डम्यांचे कपडे शिवायची, तेवीस वर्षं. तिला सगळं भैरवीनं आधीच सांगून टाकलं होतं. ती मशीनवर बसली होती, पण मशीन चालत नव्हतं.

"ती डमी न्हाई," मुरारी म्हणाला. "मी बघितली. माझी असती तर मला वळकू आली असती."

उज्ज्वलानं त्याच्याकडं बघितलं. मग अशी काही भडकली की बस.

"आख्ख्या गावाला टोप्या घातलासा. माझ्या बापाला घातलासा, आमच्याकडच्या लग्नात. वाढप्याला घातलासा. आणि आता पोरीच्या जिवावर आलंय तर म्हणतासा, मला वळकू आली असती? मग वळकू येनार न्हाई अशी करा की! तेवढं एक करायचं ऱ्हायलंय तुमचं, स्वतःला टोपी घालायचं!"

मुरारी उंबऱ्यावरनं उठला. अंगठा ठणकला, ते त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"उजे," तो म्हणाला, "चाळीस वेळा बघून मला कळली न्हाई, म्हंजे ती लईच भारी झालीया."

"झालेली न्हाई अजून. करायची हाय. उठा."

उरलेले दिवस मुरारीच्या घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जे चाललं, तसं त्या गल्लीनं कधी बघितलं नव्हतं. आतला सांगाडा प्लॅस्टिक पाइपचा, गुडघ्याला आणि कोपराला ट्रॅक्टरच्या ट्यूबचे पट्टे, मांडीत वाळू, छातीत भुसा, डोक्यात कडक रबर. लुगडं उज्ज्वलानं दोन शिवली, एकसारखी, डागासकट. केसांचा प्रश्न आला तेव्हा भैरवी आरशासमोर बसली आणि स्वतःची वेणी मानेपाशी धरून म्हणाली, "काप आई." उज्ज्वलानं कात्री उचलली आणि कापली. त्याच केसांचा एक टोप डमीला आणि एक भैरवीला.

अडलं ते हातावर. मुरारीनं सायकलच्या ब्रेकची वायर घेतली, पाचही बोटांतनं ओवली, मनगटात स्प्रिंग बसवली. डमी दारातनं बाहेर आली की मागची बारीक दोरी ताणणार, बोटं मिटणार, दोरी तुटणार, बोटं सुटणार. पहिल्या वेळी बोटं अशी मिटली की डमीनं मुरारीला ठोसा दाखवल्यासारखं झालं. भैरवी हसून हसून शेडमध्ये लोळली. स्वतःच्या मरणाच्या तयारीत इतकी हसणारी दुसरी पोरगी नसेल.

पण मोठी अडचण वेगळीच होती. डमी चांगली झाली की नाही, हे ठरवणार कोण? ठरवणारा मुरारीच पाहिजे, कारण फसायचं त्यालाच होतं. आणि त्याला तर माहीत होतं की ती डमी आहे. स्वतःची गंमत स्वतःला कशी कळू द्यायची नाही?

यावरही उज्ज्वलानंच तोड काढली. भैरवीनं शेडच्या छपरावरनं गाद्यांवर पडायचं. मग डमीनं पडायचं. उज्ज्वला दोन्ही मोबाइलवर घेणार, तुकडे उलटसुलट करणार, आणि मुरारीनं सांगायचं कुठली पोरगी आणि कुठली भुसा. सलग बारा दिवस मुरारी एकदाही चुकला नाही. "भुसा. भैरू. भुसा. भुसा. ही भैरू, हिचा डावा खांदा वर जातोय." दर वेळी बरोबर. दर वेळी तोंड पडलेलं. बरोबर उत्तर देऊन इतका हिरमुसलेला माणूस शाळेतसुद्धा कुणी बघितला नसेल.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी उज्ज्वलानं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"भैरू," मुरारी म्हणाला. "खांदा बघ की."

"भुसा."

"काय?"

"भुसा हाय ओ. खांद्यात मी चिंध्या जास्ती भरल्यात, काल."

मुरारीनं मोबाइल हिसकावून घेतला, परत बघितला. मग शेडमध्येच त्यानं उडी मारली, काळ्यानिळ्या अंगठ्यासकट, आणि बोंबलत खाली बसला. चोपन्न वर्षांत त्याला कुणी फसवलं म्हणून इतका आनंद झाला नव्हता.

तरी एक गोष्ट राहतच होती, आणि तिच्याबद्दल तिघंही बोलत नव्हती. डमी उत्तम झाली, एवढंच नक्की होतं. पडद्यावर पडलेली ती डमीच होती, हे नक्की नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवसांच्या चित्रांत नुसता रिकामा तट दिसायचा, त्यावरनं काही कळत नव्हतं. चौकीत पाय सटकू शकतो. चौकटीत काय दिसतं ते ठरलेलं, बाकी सगळं मोकळं. आणि मोकळं म्हणजे वाईटालाही मोकळं.

तो दिवस आला. सकाळी अकराला पाच कमी. चौकीच्या आत कॅमेरा ट्रॉलीचे दोन रूळ टाकलेले, त्यावर डमी उभी. भिंतीला लोखंडी कडी, कडीला पट्टा, पट्ट्यात उज्ज्वला. पोरगी आत आली की तिला कवळा मारून, मिठीत धरून थांबवायचं आणि दुसऱ्या हातानं ट्रॉली ढकलायची. हे काम करायला युनिटमधले तीन पहिलवान तयार होते. उज्ज्वला म्हणाली, माझ्या पोरीला मी धरनार, तुमी भाईर थांबा.

मुरारी खाली, डावीकडं, चौकटीच्या बाहेर. त्याला तिथूनच पळत यायचं होतं. तिथून चौकीच्या आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"भैरू," त्यानं वर बघून हाक मारली, "वेगात येऊ नकोस!"

"चित्रात येतोय तशीच येनार पप्पा! वेग ठरलेला हाय!"

"ॲक्शन," अकरा अठराला ऋत्विज म्हणाला.

भैरवी धावली. हिरवं लुगडं, चेहरा स्वच्छ, कपाळावरची खूण. दारातनं आत गेली. चौकीतनं धप्पकन आवाज आला आणि प्लायची सगळी भिंत हादरली. त्या एका क्षणात मुरारीनं जेवढे देव आठवत होते तेवढे आठवले, मिरजेच्या पीरासकट.

दुसऱ्या दारातनं हिरवं लुगडं बाहेर आलं. पाय घसरला. हात दगडावर गेला. बोटं एकामागून एक आवळली. आणि डावा खांदा, भैरूचा खांदा, वर गेला.

मुरारीला कळलं नाही. तुम्हाला सांगतो, स्वतः बनवलेली, स्वतः भरलेली, स्वतः रंगवलेली वस्तू, आणि ती कोसळताना त्याला कळलं नाही की ही पोरगी आहे की भुसा. बोटं सुटली. साठ फूट. खडकावर जो आवाज झाला तो भुशाचा वाटला नाही.

तो पळाला. डावा पाय ओढत, धडपडत. वर बघायची हिंमत नव्हती. वर कुणी नसलं तर? तो तिच्यावर वाकला. तोंड खडकाकडं, केस विस्कटलेले, भैरूचेच केस. त्यानं दोन्ही हातांनी खांदा धरला आणि तिला उताणं केलं.

नाक फुटलं होतं, आणि नाकातनं भुसा गळत होता.

पिवळा, स्वच्छ, सागाचा भुसा. पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला. इतका चांगला वास मुरारीनं जन्मात घेतला नव्हता. तो मटकन गुडघ्यावर बसला. पोटातनं काहीतरी वर आलं, त्याला वाटलं हुंदका, पण तोंडातनं बाहेर पडलं ते हसू. खीः खीः करत सुरू झालं आणि मग थांबेचना. खांदे गदागदा हलायला लागले. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, आणि तो हसतोय, भुशाची मूठ भरून हसतोय. कॅमेऱ्याकडं पाठ. आवाज म्होरल्याला येत नाही.

"आलो ओ पप्पा!" वर चौकीच्या आतनंच भैरवी ओरडली. "आईनं बरगडी मोडली माझी, पण आलो!"

"मोडली न्हाई, नाटक करालीया!" मागनं उज्ज्वलाचा आवाज.

अकरा वीसला म्होरला बंद झाला आणि सगळं युनिट एकदम खाणीत उतरलं. कुणी मुरारीला उचललं, कुणी डमीला. अण्णा शेडबाळे लहान पोरासारखे रडत होते आणि सांगत होते की धूळ गेली डोळ्यात. नसीमा मॅडम कडेनं आल्या, मुरारीच्या शेजारी दगडावर टेकल्या.

"मॅडम," मुरारी डोळे पुसत म्हणाला, "मारली का न्हाई टांग तुमच्या म्होरल्याला?"

"नाही मामा. तुम्ही काही बदललं नाही. एकवीस दिवसांपूर्वी पडद्यावर पडली ती हीच होती."

"मग एवढा राबलो कशाला?"

"राबला नसतात तर ही नसती."

"आणि पयल्याच दिवशी मला वळकू आली असती तर?"

"तर तुम्ही इतकी चांगली केली नसतीत. मग ती ओळखू आली असती. पण मग तुम्ही..." मॅडम मध्येच थांबल्या. बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि त्यांनाही हसू फुटलं. "जाऊ दे. मला आता भूक लागलीय."

एवढ्यात ऋत्विज आला. त्यानं मुरारीला मिठी मारली, पाया पडला, शूटिंगच्या मोठ्या कॅमेऱ्यावरचं चित्रण बघून आला, परत मिठी मारली. आणि मग, डायरेक्टर तो डायरेक्टर, कान खाली पाडून म्हणाला, "मामा, शॉट सोन्यासारखा आलाय. पण... सेफ्टी म्हणून एक टेक आणखी घेऊ या का? म्होरला बंद आहे. हा कुणी आधी बघितलेला नाही. काय होईल ते आपल्या हातात."

"घेऊ की," भैरवी तटावरनं खाली येता येता म्हणाली. "मी परत पळतो."

लाइटवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं. उज्ज्वलानं भैरवीचा दंड पकडला.

मुरारी उठला. सेटवर एक शब्द असतो जो फक्त डायरेक्टरनं उच्चारायचा असतो. हिरोसुद्धा उच्चारत नाही, प्रोड्यूसरसुद्धा मनातल्या मनात म्हणतो. मुरारीनं छाती भरून श्वास घेतला आणि खाणीच्या चारी भिंती हादरतील असा ओरडला :

"पॅक अप!"

आणि लाइट विझले. कुणी ऋत्विजकडं बघितलंसुद्धा नाही. ट्रॉलीवाल्यांनी रूळ उचलायला घेतले, केबलवाल्यांनी केबली गुंडाळायला घेतल्या. ऋत्विज दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभा राहिला, मग तोही हसला आणि स्वतःची खुर्ची मिटून खांद्यावर टाकली.

मुरारीनं डमीच्या बगलेत हात घातले, भैरवीनं पाय धरले. दोघं लंगडत, धापा टाकत टेम्पोच्या दिशेनं चढ चढायला लागली. वाटेत भुसा सांडत होता.

"आवो, हळू!" मागनं उज्ज्वला पळत आली आणि डमीचं लोंबणारं डोकं तिनं तळहातावर घेतलं. "मान सांभाळा तिची."